आडनाव आधी

मिस्त्री,

तुझ्या मुलाचं पत्र येऊन आज बारा दिवस झाले. शाळेतल्या मराठीत, एक रेघ सोडून, एका पानावर लिहिलेलं. त्याला एवढंच विचारायचंय की कुवेतहून जी तार आली, तिच्यात ज्या मिस्टर सेंग यांच्या निधनाची बातमी आहे, ते त्याचे वडील लाम मिस्त्रीच का. उलट टपाली कळवा, म्हणतो. उलट टपाल म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं लिहून देत आलोय. तरी बारा दिवस मी कोरा कागद समोर घेऊन बसतोय आणि तसाच उठतोय. आज तुझा चाळिसावा. आमच्यात चाळिसाव्याला माणसं जमवून दुआ करतात. तुमच्यात काय करतात ते तुला विचारायचं राहूनच गेलं. म्हणून आज आधी तुझ्याशी बोलून घेतो, मग पोराला लिहीन.

रागावू नकोस. म्हणजे रागाव, तुझा हक्कच आहे. ज्या नावाने ती तार गेली ते नाव कागदावर चढलं त्याला कारण मी, हे तुला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. आता मला एकट्याला ठाऊक आहे आणि ते जड जातंय.

तुला आठवतो तो पहिला दिवस? कुवेत शहराभोवतीची मातीची भिंत तेव्हा अजून उभी होती. आपली बखार समुद्राला लागून. मलबारचं सागवान गलबतातून उतरायचं, आफ्रिकेकडचे लांब वासे यायचे, आणि त्या सगळ्या लाकडांच्या मधोमध पत्र्याच्या खोलीत मी टेबल मांडून बसलेला. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, मराठी सातवी पास, वर तीन इयत्ता इंग्रजी. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे मुंबईच्या बोटीतून उतरलेल्या प्रत्येक माणसाचा फॉर्म मीच भरायचा असा ठेकेदाराचा हुकूम. त्याची मला घमेंडही होती, खोटं का बोला. त्या दिवशी रांगेत नवव्या की दहाव्या नंबरवर तू उभा होतास. खांद्यावर हत्यारांची पेटी, पांढरा स्वच्छ बनियन, चेहरा चिनी. मी वर न बघता विचारलं, ‘नाम?’ तू म्हणालास, ‘लाम वाई सेंग.’

मी लिहिलं. स्वतःचं नाव लाम. वडिलांचं नाव वाई. आडनाव सेंग. माझ्या हाताला दुसरी रीतच माहीत नव्हती. आधी आपण, मग बाप, मग घराणं. शाळेच्या दाखल्यापासून ते लग्नाच्या नोंदीपर्यंत सगळीकडे असंच असतं, तर चिनी माणसाचं वेगळं कशाला असेल? विचारावं असं एकदाही मनात आलं नाही.

तू टेबलावर वाकून बघितलंस आणि म्हणालास, ‘साहेब, उलटं झालं.’

मराठीत म्हणालास. माझ्या हातातला टाकच थांबला.

‘तुला मराठी येतं?’

‘माझगावात जन्मलो. बंदरावरच्या कोळणी काय चिनीत शिव्या देतात?’

अख्खी रांग हसायला लागली. मी उठून तुझा हात धरला, कुठल्या गल्लीत राहतोस, बाप काय करायचा, म्हावरं कुठून घ्यायचा, सगळं विचारत सुटलो. तुझा बाप गोदीत जहाजांचं सुतारकाम करायला चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेला, तू तिथेच वाढलेला. आणि आपण बोलत असताना माझ्या टेबलावरचा कागद अरब कारकुनाने उचलला, त्यावरून आपल्या लिपीत नाव उतरवलं, शिक्का मारला आणि मोकळा झाला. चूक झाली ती माझ्या अज्ञानाने, पण पक्की झाली ती आपल्या आनंदात. याचं मला अजून कोडं पडतं.

चहाला बसल्यावर तू समजावून सांगितलंस. लाम म्हणजे घराणं, ते सगळ्यांत पुढे. वाई म्हणजे पिढी. तुझ्या सगळ्या सख्ख्या-चुलत भावांच्या नावात ते वाई आहेच, कारण गावच्या पोथीत पूर्वजांनी एक कविता लिहून ठेवलीय आणि प्रत्येक पिढीने त्यातला पुढचा शब्द घ्यायचा. आणि शेवटी सेंग, तो तू.

‘आता तू काय केलंस बघ,’ तू बोटांवर मोजून सांगत होतास. ‘घराण्याला माझं नाव केलंस. पिढीला माझा बाप केलंस. आणि इथले लोक कागद वाचतात तर स्वतःचं, बापाचं, मग आज्याचं. म्हणजे मी माझाच आजा झालो.’

आपण दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ‘उद्या दुरुस्त करून देतो,’ मी म्हणालो. त्या दिवसापासून दर पगाराला हजेरीपटावर सही करताना तू म्हणायचास, ‘सरका, आजोबांना सही करू द्या.’ आणि मी म्हणायचो, ‘उद्या.’ मग अरबीत, ‘बुक्रा.’ दोन्ही भाषांत ती दुरुस्ती उद्यावरच राहिली.

आपलं भांडण मात्र रोज चालायचं. काम सुटल्यावर सागाच्या ओंडक्यांवर बसून, समोर खाडीसारखा सपाट समुद्र. आधी माणूस की आधी घराणं? तू म्हणायचास, तुम्ही लोक स्वतःला पुढे काढता आणि घराण्याला शेपटीला बांधता. मी म्हणायचो, अरे, हाक मारताना माणूस लागतो, घराणं ओ देत नाही. मग मी तुला आमची गंमत सांगितली. माझा आजा फणसोपचा, म्हणून फणसोपकर. खाडी ओलांडून कर्ल्याला येऊन राहिला तर आम्ही कर्लेकर. त्याचा भाऊ तिथेच राहिला तर त्याची मुलं अजून फणसोपकर. एकाच पणज्याची पतवंडं आणि आडनावं दोन.

तुला ते ऐकून कसंतरीच झालं. ‘म्हणजे उद्या तुझा पोरगा कुवेतकर?’

‘झाला तर झाला.’

‘आणि मेल्यावर तुला शोधायचं कुठे?’

हे तू हसत विचारलं होतंस. मी काहीतरी थट्टेवारी नेलं.

पण तुला खरा धक्का त्या दिवशी बसला, ज्या दिवशी मी सांगितलं की माझी बायको माझ्या सख्ख्या चुलत्याची मुलगी आहे. तू कप खाली ठेवलास. तुमच्यात म्हणे एका आडनावाच्या दोघांचं लग्नच होत नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाची असो, शंभर पिढ्यांत नातं नसो, आडनाव एक तर बहीण. माझगावातच तुला एक मुलगी आवडली होती. सुतारगल्लीच्या कोपऱ्यावरची, केसांना लाल दोरा बांधणारी. तिच्या बापाचं गाव वेगळं, बोली वेगळी, आडनावाचा उच्चार पण वेगळा, ते लोक लिन म्हणायचे. तुझ्या आईने कागदावर ते अक्षर काढून दाखवलं, आणि संपलं. लाम काय, लिन काय, कागदावर अक्षर एकच. पुढे तुझं लग्न दुसऱ्या आडनावाच्या मुलीशी झालं, आणि तुझ्या तोंडून तिच्याबद्दल कधी वाकडा शब्द निघाला नाही. पण त्या लाल दोऱ्याची गोष्ट तू मला वर्षातून एकदा तरी सांगायचास. मी म्हणायचो, ‘आमच्यात जन्मला असतास तर घरातल्या घरात आटपलं असतं.’ तू मला लाकडाची ढलपी फेकून मारायचास.

ते अक्षर तू मला शिकवलंस. सुताराच्या लाल पेन्सिलीने फळीवर काढलंस. एक उभी रेघ, एक आडवी, खाली दोन फांद्या पसरलेल्या, झालं झाड. त्याच्या शेजारी तसंच दुसरं झाड. दोन झाडं शेजारी शेजारी उभी केली की रान. लाम म्हणजे रान. आणि हे रानवाले मिस्त्री कुठे येऊन राहिलेले, तर जिथे सावलीसाठी भिंत शोधावी लागते.

त्याची गोष्टही तू सांगितलीस, ती मी नंतर माझ्या मुलांना सुट्टीत सांगितली. फार जुन्या काळी एक दुष्ट राजा होता. त्याचा एक प्रधान, खरं तोंडावर बोलणारा. राजा म्हणाला, सज्जन माणसाचं काळीज कसं असतं ते बघू या, आणि त्याचं काळीज काढलं. प्रधानाची बायको पोटुशी होती. ती पळाली ती थेट रानात शिरली, आणि तिथेच दगडांच्या आडोशाला बाळंत झाली. पुढे राजा बदलला. नव्या राजाने त्या मुलाला शोधून आणलं आणि म्हणाला, हा रानात जन्मला, याचं आडनाव रान. जगातले झाडून सगळे लाम, लिन, लिम त्या एका मुलाचे. तुझ्या किनाऱ्यावर तर म्हणे प्रत्येक गावात ते आहेत, काही गावं त्यांचीच आहेत, आणि तिथून समुद्रापार गेले ते सिंगापूरला, पिनांगला, फोर्मोसाला आणि एक माझगावात.

मी शंका काढली. कारकुनाची सवय. ‘पण तो मुलगा त्याच प्रधानाचा हे नव्या राजाला कशावरून कळलं? पुरावा काय?’

तू म्हणालास, ‘बाई रानात पळाली रे. तिच्याकडे कागद कुठला? तिने सांगितलं, राजाने ऐकलं.’

तेव्हा आपण दोघंही हे विसरून दुसऱ्या विषयावर गेलो.

बंदरात हाँगकाँग-सिंगापूरकडचं जहाज लागलं की तुला चैन पडायची नाही. शुक्रवारी धुतलेला शर्ट घालून तू धक्क्यावर जायचास आणि खलाशांना विचारायचास, कुणी रानाचा आहे का. एकदा मीही आलो होतो. पिनांगचा एक खानसामा भेटला, थोराड, हातांवर भाजल्याचे डाग. त्याचं आडनाव लिम. तो बोलेल ते तुला कळेना, तू बोलशील ते त्याला कळेना. मग तू त्याचा तळवा धरलास आणि त्यावर बोटाने दोन झाडं काढलीस. त्याने तुझा तळवा घेतला आणि दोन झाडं काढली. मग पुढे काहीतरी लिहिलं, तू लिहिलंस, असे तुम्ही दोघं भर उन्हात एकमेकांच्या हातावर लिहीत उभे. मला हसू येत होतं आणि आतून हेवाही वाटत होता. माझ्या आडनावाचा माणूस मला कुठे परक्या बंदरात भेटला असता तर मी त्याला फार तर गाव विचारलं असतं. त्या लिमने जाताना तुला मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बरणी दिली. आठ दिवस तू ती पुरवून पुरवून खाल्लीस. मला चाखायला दिलंस तेव्हा मी तोंड वाकडं केलं, त्याबद्दल माफ कर. तसं ते वाईट नव्हतं.

आणि वफ्रा. दक्षिणेकडच्या त्या मळ्यांवर आपण दाराच्या चौकटी घेऊन ट्रकने गेलो होतो. खजुरांच्या पलीकडे वाळू अडवायला कुणीतरी अथलची झाडं लावलेली, धुळीने राखाडी झालेली. पाच-सहा जगली होती, तीही लांब लांब. दोनच तेवढी जवळ होती. तू ट्रकमधून उतरलास आणि त्या दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलास. परतताना म्हणालास की चीहाँगला एकदा हे दाखवायचं. तेव्हा तुझा मुलगा पाच-सहा वर्षांचा असेल. पोथीतल्या कवितेतला वाईच्या पुढचा शब्द ची, म्हणून लाम ची हाँग. तुझ्या बापाने मरायच्या आधी पत्राने ते नाव गावी कळवून पोथीत चढवून घेतलं होतं, आणि याचं तुला केवढं समाधान होतं.

आता ते लिहितो, जे मला लिहायचं नाही.

दोनदा तू मला संधी दिली होतीस. तू रजेवर मुंबईला निघालास तेव्हा म्हणालास, ‘कारकून, एक अर्ज लिहून दे. मुंबईच्या कचेरीतून दाखला आणतो, इथलं नाव सरळ करून टाकू.’ मी हो म्हणालो, आणि बोटीच्या दिवशी मला आठवण झाली की अर्ज लिहिलाच नाही. दुसऱ्या वेळी माझी स्वतःची रजा आली होती, मी बायकोसाठी कापड आणि मुलांसाठी खजूर बांधण्यात गुंतलेलो. ‘पुढच्या वेळी नक्की,’ मी म्हणालो. तूही जोर केला नाहीस. आपल्याला वाटत होतं, पुढची वेळ ही बोटीसारखी असते, एक चुकली की दुसरी.

मग बासष्ट साली तिकडे हिमालयात लढाई झाली आणि पुढची वेळ बंद झाली. तू माझगावात जन्मलेला, मराठीत भांडणारा, पण चेहरा चिनी. तुझ्या घरच्यांना ठाण्यावर हजेरी लावायला लागली. तुझ्या परतीच्या कागदावर शिक्का मारायला कुणी तयार होईना. इथे खोलीतली आपलीच दोन-चार माणसं तुझ्याशी बोलायची थांबली. एकाने तर माझ्या तोंडावर विचारलं, ‘त्या चिन्याबरोबर जेवतोस कसा?’ मी त्याला म्हटलं, ‘तो वरणभात खातो, तू काय खातोस?’ तेवढंच मी केलं. ते तुला मी कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

तुला जाता येईना, मग त्यांना इथे आणायचं ठरलं. तू कफील मिळवलास, म्हणजे जामीन राहणारा इथला माणूस. भला होता, त्याच्या घराची सगळी दारं तू केलेली. परवान्याच्या सरकारी कचेरीतल्या खिडकीवर आपण दोघं गेलो. मी बोलायला. खिडकीमागचा वयस्क माणूस स्वभावाने चांगला, त्याने आपल्याला बसवलं, चहा सांगितला. मग दोन कागद शेजारी ठेवले. इकडे बाप, घराणं सेंग. तिकडे मुलगा, घराणं लाम.

‘हा याचा मुलगा कसा?’ त्याने शांतपणे विचारलं.

मी सांगायला लागलो. चिनी लोकांत आडनाव आधी येतं, मधला शब्द पिढीचा असतो, मग माणसाचं स्वतःचं नाव. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘भाई, तू सांगतोस ते खरं असेल. पण हा कागद लिहिला कुणी?’

मी गप्प बसलो. मिस्त्री, मी गप्प बसलो. माझं तोंड उघडलं असतं तर कदाचित काही झालं असतं, कदाचित नसतं. पण चूक माझी आहे असं म्हणायला मला त्या खिडकीवर लाज वाटली. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू त्याला तुझ्या मोडक्या अरबीत म्हणालास, ‘लिहिणारा गेला. आता इथे नाही.’

मुंबईहून दाखला आणा, म्हणाले. तिथून तुला दाखला कोण देणार होतं? आपण वर्षाकाठी एकदा खिडकीवर जात राहिलो. मुलगा तिकडे वाढत राहिला. परतीच्या बसमध्ये पहिल्या वेळी मी म्हणालो, ‘मिस्त्री, माझ्यामुळे…’ आणि तू म्हणालास, ‘जाऊ दे रे, बघ, तो नवा रस्ता कसा सरळ केलाय.’ तू मला बोलू दिलं नाहीस की मलाच बोलायचं नव्हतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. माझगावातल्या शिव्या तुला किती येत होत्या ते मला माहीत आहे.

शेवटची वर्षं तू शुऐब्याला होतास, बंदराच्या कामावर, काँक्रीट ओतायच्या फळ्यांचे साचे करायला. तुझ्यासारख्या कारागिराला ते काम कमीपणाचं होतं, चार दिवसांत उखडून टाकायच्या फळ्या. पण तू त्याही रंधा मारून बसवायचास. त्या दुपारी जेवून तू फळ्यांना टेकून बसलास, छातीत दुखतंय म्हणालास, पाणी मागितलंस. पाणी येईपर्यंत गेलास. मला निरोप मिळाला तेव्हा तुला नेलंही होतं.

कचेरीत मला बोलावलं. घरी तार करायची, तू त्याचा माणूस, तूच लिही. मी तुझी फाइल उघडली आणि समोर कागद ठेवून तार लिहिली. मिस्टर सेंग. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र कागदावर होतं तेच उतरवत होता. तार गेल्यावर तासाभराने मला कळलं मी काय लिहिलंय. इतक्या वर्षांनी तीच चूक, त्याच अक्षरात, दुसऱ्यांदा.

तुला शहराबाहेरच्या परक्यांच्या कबरस्तानात ठेवलं. कचेरीने लाकडाची पाटी दिली, त्यावर पुन्हा तेच नाव रंगवलेलं. मी ती लावू दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला नाही म्हणालो. तुझ्या पेटीतली सागाची फळी काढली, तू चौकटीसाठी ठेवलेली. तुझ्या बापाची ती शाईची डबी, जिच्यातून काळा दोरा ओढून तू लाकडावर रेघ मारायचास, तिच्यात पाणी घालून शाई ओली केली. आणि काढली दोन झाडं. चार वेळा पुसून पाचव्यांदा जमली. खाली मराठीत लिहिलं, लाम वाई सेंग. माती लोटल्यावर मनात फातिहा म्हटली. तुला चालेल का ते विचारायचं राहिलं होतं, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

ती झाडं बरोबर आली की नाही याची मला धाकधूक होती. गेल्या आठवड्यात तो पिनांगचा लिम आला. केस पिकलेत त्याचे. जहाज लागलं तसा बखारीवर तुला विचारत आला, हातात बरणी. मी त्याला घेऊन गेलो. पाटीसमोर तो उभा राहिला, अक्षराकडे बघितलं आणि म्हणाला, ‘लिम.’ मग खालच्या मराठीवरून बोट फिरवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने तीन वेळा कमरेत वाकून नमस्कार केला, बरणी तिथे ठेवली, आणि येताना रस्त्याच्या कडेला बसून रडला. त्याला तुझं पूर्ण नाव तरी माहीत होतं का, देव जाणे. मला वाटलं, आपलं भांडण तू जिंकलास. हाकेला ओ द्यायला तू नव्हतास, पण तुझ्या घराण्याने दिली.

आता पोराचं पत्र. ते मी तुला पुरतं सांगितलं नाही. शेवटी त्याने लिहिलंय:

‘सेंग हे बाबांचं तिथल्या कागदावरचं नाव आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण आई मानत नाही. ती म्हणते, कुवेतच्या कागदांनी बाबांबद्दल आजवर एकही गोष्ट खरी सांगितलेली नाही. त्यांनी बाबांना मुलगा नाही असं सांगितलं. मग हे तरी खरं कशावरून? ती रोज दोन माणसांचा भात लावते आणि तिसऱ्याचं ताट मांडते. तुम्ही बाबांचे दोस्त आहात. तुम्ही सांगाल ते ती ऐकेल.’

बारा दिवस मी का उठून जात होतो ते आता तुला कळलं असेल. माझ्या चुकीने तुझ्या घरात एवढी एक आशा शिल्लक राहिलीय, आणि तीही मीच जाऊन विझवायची. मनात आलं, राहू दे. ताट मांडते तर मांडू दे. मग ती रानात पळालेल्या बाईची गोष्ट आठवली. तिच्याकडे कागद नव्हता, पण मेला तो आपलाच नवरा हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती मुलाला घेऊन पुढे जाऊ शकली. तुझ्या बायकोला मी तेवढंही ठेवलेलं नाही.

तुझी पेटी बांधून ठेवलीय. रंधा, पटाशा, गुण्या, शाईची डबी. पुढच्या बोटीने आमच्या गावचा माणूस जातोय, तो माझगावात जाऊन हातात देईल. पत्रही त्याच्याचबरोबर. आत्ताच लिहिलं. वर चिरंजीव लाम ची हाँग यांस, अनेक आशीर्वाद. पेटीत काय काय आहे ते. कबर कुठे आहे ते, पाटीवर दोन झाडं आहेत ते. खिडकीवर मी गप्प बसलो तेही लिहिलं, काही लपवलं नाही. खाली सही केली, कर्लेकर इब्राहिम. जन्मात पहिल्यांदा आडनाव आधी. तू बघितलं असतंस तर ढलपी फेकून मारली असतीस.

मधे एक ओळ कोरी सोडली होती. ती आता भरतो, मग पाकीट बंद करतो.

‘आईंना सांग, नाव मी चुकीचं लिहिलं होतं. माणूस तुमचाच होता.’